पोर्टलवर चढलेली माहिती गावात कधी उतरते? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की आरोग्य खात्यात मोबाईल, अ‍ॅप, पोर्टल आलं त्याबद्दल काय विचारायचं ते विचारा. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट आल्या, एका काकांनी तर लेटरहेडवर शिक्का मारून पाठवलं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यातले काही इथे घेतले. प्रश्न ज्याच्या त्याच्या भाषेतच ठेवलेत, नावं मात्र काढली, कारण अर्ध्याहून जास्त लोकांनी "नाव छापू नका" असंच लिहिलं होतं.

मी मेळघाटात आशा आहे. गरोदर बाईची नोंद पहिले डायरीत करा, मंग रजिस्टरात, मंग मोबाईलात, आन् नेट नसलं तं टेकडीवर जाऊन करा. गावातल्या बाया म्हणतात ताई मोबाईलवरच बसून राह्यते. एवढं भरून होते काय याचं? – एक आशाताई, ता. धारणी

ताई, तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे आणि ती तुमच्या एकटीची नाही. २०२३ मध्ये राज्यातल्या आशांचं आंदोलन झालं त्यात ऑनलाइन कामाचा मुद्दा होताच. २००५ मध्ये आशांची ही योजना आली तेव्हा साधारण हजार वस्तीमागे एक बाई, तिनं घरोघरी जावं, बोलावं, दवाखान्यात सोबत न्यावं असं होतं, डेटा एन्ट्री ऑपरेटरची पोस्ट काही ती नव्हती. मोबाईल आल्यावर रजिस्टर कमी व्हायला पाहिजे होते, झालं उलटंच.

पण "होते काय याचं" याचं उत्तर देतो. तुम्ही सांगितलेली नोंद सिस्टर आरसीएच पोर्टलवर, म्हणजे गरोदर बाया आणि लेकरांच्या सरकारी पोर्टलवर चढवतात. शेवटच्या पाळीची तारीख टाकली की प्रसूतीची अंदाजे तारीख, पुढच्या तपासण्या, इंजेक्शन, सगळं त्यातून निघतं, आणि कोणाचं काय बाकी आहे त्याची यादी तयार होते, तिलाच ड्यू लिस्ट म्हणतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे माहेर. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद सासरच्या गावात, पोरगी सातव्या महिन्यात गेली दुसऱ्या जिल्ह्यात, तिथल्या रजिस्टरात ती नवीन, इथल्या रजिस्टरात ती "गावात नाही", मग जायच्या आधी तिचं हिमोग्लोबिन ७ होतं, म्हणजे रक्त फारच कमी होतं, हे तिकडच्या सिस्टरला कोण सांगणार? आरसीएच नंबर सोबत असला तर तिथे टाकून मागचं सगळं बघता येतं. म्हणून माझं एक ऐका, माहेरी जाणाऱ्या प्रत्येकीच्या कार्डावर तो नंबर पेनानं मोठा लिहून द्या. फुकटचं काम आहे, पण लय कामाचं.

आता दुसरी बाजू. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, त्या नवजात बाळाचं वजन करायच्या, ताप बघायच्या, श्वास मोजायच्या, कागदावर लिहायच्या आणि धोका दिसला तर तिथेच उपचार सुरू करायच्या. त्यांच्या कामाच्या गावांत अर्भक मृत्युदर १९८८ मध्ये हजारी १२१ होता, २००३ पर्यंत ३० वर आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नामांकित नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. तिथे ना अ‍ॅप होतं ना टॅबलेट. लिहिणारी आणि त्यावर काही करणारी बाई एकच होती, म्हणून त्या कागदाला जोर होता. तुमच्या मोबाईलात जे जातं ते वर जातं, तालुका, जिल्हा, मुंबई, दिल्ली, आणि तुम्हाला परत काय मिळतं? बहुतेक वेळा "टार्गेट अपूर्ण" एवढा मेसेज. तेव्हा पुढच्या महिन्याच्या पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) मीटिंगमध्ये गटप्रवर्तकाला, म्हणजे आशांचं काम बघणाऱ्या ताईला धरून लेखी मागा की आमच्या गावाची ड्यू लिस्ट प्रिंट काढून द्या. आणि जे पोर्टलवर चढलं ते परत कोणत्या रजिस्टरात लिहायचं नाही, हेही लेखीच विचारा. तोंडी विचारलं तर "बघू" म्हणतात.

भादव्यात आमच्या गावात घरोघर ताप होता. ग्रामपंचायतीनं फोन केले, पथक आलं तवर अर्धे पेशंट यवतमाळले भरती. आता सांगतात साथ कम्प्युटरवरच कळते. मंग आमची काहून नाही कळली? – एक ग्रा. पं. सदस्य, ता. आर्णी

भाऊ, याच्यावर जरा सविस्तर लिहितो कारण असे चार प्रश्न आहेत, चारही वेगवेगळ्या तालुक्यांतले.

देशात साथीवर नजर ठेवायचा कार्यक्रम २००४ पासून आहे, आयडीएसपी म्हणतात त्याला. त्यात तीन फॉर्म. एस फॉर्म उपकेंद्रातल्या सिस्टरचा, त्यात फक्त लक्षणं, म्हणजे ताप, तापासोबत पुरळ, पातळ जुलाब, कावीळ असं. पी फॉर्म डॉक्टरचा, त्यांना काय वाटतं ते, "संशयित डेंग्यू" वगैरे. एल फॉर्म लॅबचा, रक्तात काय निघालं ते. पहिले हे आठवड्याला कागदावर जायचे, म्हणजे सोमवारी आलेला ताप पुढच्या आठवड्यात जिल्ह्याला कळायचा. एप्रिल २०२१ पासून देशभर आयएचआयपी नावाचं प्लॅटफॉर्म आलं, आता नोंद रोजची, पेशंटवार, गावाच्या नावासकट, आणि नेहमीपेक्षा आकडा वाढला की अलर्ट येतो. कल्पना एकदम चांगली आहे, यात शंका नाही.

आता तुमच्या गावाचं बघू. समजा दोन हजार वस्ती. एका दिवसात वीस जणांना ताप आला. त्यातले तीन उपकेंद्रात गेले. दहा-बारा तालुक्याच्या खाजगी डॉक्टरकडे, कारण तो सलाईन लावतो. पाच जणांनी मेडिकलमधून गोळी घेतली. एकदोन सरळ यवतमाळ. कम्प्युटरला दिसले किती? तीन. भादव्यात तीन ताप म्हणजे काहीच नाही, अलर्ट कशाला येईल? कम्प्युटर झोपला नव्हता, त्याच्यापर्यंत कोणी गेलंच नाही. खाजगी दवाखान्यांनी नोंद द्यायची सोय त्यात आहे, देतात किती हे तुम्ही तुमच्या तालुक्यात स्वतःच विचारून बघा, मी काय बोलू.

दुसरी गंमत गावाच्या नावाची. वडगाव, पिंपळगाव, खडकी ही गावं आपल्याकडे किती असतील? ज्यानं एन्ट्री केली त्यानं यादीतून दुसरंच वडगाव निवडलं की तुमचा ताप तिकडे पडला. प्रत्येक गावाला सरकारी कोड असतो, तो बघून टाकलं तर घोळ होत नाही, पण ओपीडीत दीडशे लोक उभे असले की कोण कोड बघते. आणि गाव बरोबर पडणं हीच तर सगळ्यात मोठी गोष्ट आहे. १८५४ मध्ये लंडनमध्ये कॉलरा आला तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं कोण कुठे मेलं ते नकाशावर मांडलं, मेलेले बहुतेक एकाच पंपाच्या आसपासचे निघाले, त्या पंपाचं हँडल काढायला लावलं. जंतू कोणता हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं, पत्ते बरोबर होते म्हणून सापडलं.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ ला काय झालं ते तर तुमच्या डोळ्यासमोरचं आहे. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि मजूर गेले. एकेका दवाखान्यात ते एकेकटे पेशंट म्हणून येत होते, उलटी, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. सगळे मिळून मोजल्याशिवाय ही साथीसारखी गोष्ट आहे हे दिसत नाही, आणि मोजायची सवय आपल्याला ताप-जुलाबाची, फवारणीच्या विषबाधेची नाही. माझं मत विचाराल तर विदर्भात जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत हा आकडा डेंग्यूच्या बरोबरीनं रोज वर गेला पाहिजे.

मग तुम्ही काय करायचं? नुसता फोन करून "साहेब गावात लय ताप आहे" म्हटलं तर तिकडचा माणूस लिहून तरी काय घेणार. वहीचं एक पान घ्या, आडव्या रेघा मारा, नाव, वय, ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, सोबत काय, म्हणजे पुरळ, सांधे, उलटी, काळसर खपली, कोणत्या वार्डातला, पाणी कुठलं पितो, दवाखाना कोणता. आशाताई आणि दोन पोट्टे लावले तर एका दुपारचं काम. तारखेचा रकाना सोडू नका, साथ वाढते आहे का उतरते आहे हे फक्त त्यावरूनच कळतं. त्याचा फोटो तालुका आरोग्य अधिकाऱ्याला पाठवा, १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर फोन करून सांगा, आणि मूळ कागद ग्रामपंचायतीत ठेवा. खपलीचं मुद्दाम लिहिलं, कारण २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफस नावाच्या तापाचे पेशंट निघाले होते, तो गवतातल्या बारीक किड्यानं होतो, काखेत किंवा जांघेत सिगारेटचा चटका बसल्यासारखी खपली असू शकते, पेशंट लाजेनं दाखवत नाही आणि डॉक्टर घाईत बघत नाही. त्याचं औषध साधं आहे पण वेळेवर पाहिजे.

पथक येऊन गेल्यावर अजून एक काम. त्यांनी नमुने नेले असतील तर रिपोर्ट काय आला ते ग्रामसभेत सांगा म्हणून पत्र द्या. रक्त गावाचं, तर रिपोर्टही गावाला कळला पाहिजे ना. ग्राम आरोग्य समितीला दरवर्षी दहा हजारांचा निधी असतो, रिपोर्ट माहीत असला तर तो नाल्यावर खर्च करायचा का टाकीवर ते ठरवता येतं.

आता एआय आलं आहे तर लोक गूगलवर काय शोधतात त्यावरून साथ आधीच ओळखता येणार नाही का? – बीएस्सीचा विद्यार्थी, वर्धा

हे करून झालं आहे, मित्रा. गूगलनंच २००८ मध्ये 'फ्लू ट्रेंड्स' काढलं होतं, लोक सर्दी-तापाबद्दल काय सर्च करतात त्यावरून अमेरिकेत फ्लू किती ते सांगायचं. सुरुवातीला वाहवा झाली, मग २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्याचा अंदाज खऱ्या आकड्याच्या जवळपास दुप्पट निघाला. लोक आजारी नसतानाही सर्च करतात, टीव्हीवर बातमी आली की सगळेच करतात. २०१५ मध्ये ते बंद केलं. आपल्या गावात तर ताप आलेली म्हातारी गूगल करतच नाही, ती सुनेला सांगते. एआयला वाईट म्हणत नाही मी, पण त्याला खाऊ घालायला एस फॉर्म पूर्ण भरलेला लागतो, तू शिकून ये आणि तिथून सुरू कर.

आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड एकच का? कॅम्पमध्ये आभा काढून दिलं आन् दवाखान्यात म्हणतात यावर ऑपरेशन फुकट नाही होत. – एक ताई, ता. कुरखेडा

एकच नाही, ताई. आभा म्हणजे १४ आकडी नंबर, तुमचे रिपोर्ट, चिठ्ठ्या एका जागी जोडायला. त्यावर एक रुपया मिळत नाही. आयुष्मान कार्ड म्हणजे विम्यासारखी योजना, पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, तेही योजनेतल्या दवाखान्यातच. आपल्याकडे ती राज्याच्या महात्मा फुले योजनेसोबत चालते, भरती व्हायच्या आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला भेटा. आणि आभा काढणं ऐच्छिक आहे, नंबर नाही म्हणून सरकारी ओपीडीत कोणी परत पाठवत असेल तर ते चूक आहे, तिथेच लेखी मागा.

टीबीची औषधं चालू होऊन तीन महिने झाले, पोषणाचे पैसे आले नाहीत. – पुसद

टीबी पेशंटच्या पोषणाच्या पैशांची जी निक्षय पोषण योजना, तिच्यात १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० ऐवजी १००० रुपये आहेत. न येण्याचं कारण बहुतेकदा खात्यात निघतं, खातं आधारला जोडलेलं नाही, बंद पडलं, किंवा पोर्टलवर नंबर चुकला. तुमचा निक्षय आयडी, म्हणजे टीबीच्या पोर्टलवरचा तुमचा नंबर, विचारून घ्या, पासबुक घेऊन टीबी सुपरवायझरकडे जा आणि त्यांच्यासमोर स्क्रीनवर नंबर जुळवा. फोन करायचा तर १८००-११-६६६६. पैसे येवो न येवो, गोळी एक दिवस चुकवू नका.

पोरीची सिकलसेल तपासणी शाळेत झाली. मंग गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'पॉझिटिव्ह' यादीचा फोटो आला, तिचं नाव होतं. आता पाहुणे येतील तं काय सांगू? पोर्टलवर नाव आहे ते काढता येते का? – एक बाप, ता. देवरी

वाचून संताप आला. ज्यानं कोणी तो फोटो टाकला त्यानं फार वाईट केलं. आजाराची माहिती ही माणसाची खाजगी गोष्ट आहे, यादी कर्मचाऱ्याच्या कामासाठी असते, ग्रुपसाठी नाही. २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. तुम्ही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना तक्रार द्या, स्क्रीनशॉट जोडा, त्यात बाकीची नावं मात्र काळी करा, नाहीतर आपणच परत तेच करू.

आता पोरीबद्दल. सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. 'पॉझिटिव्ह' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. शाळेत होते ती पहिली चाचणी, सोल्युबिलिटीची, तिच्यावरून पोरगी वाहक (आजाराचा गुण फक्त एका पालकाकडून आलेली) आहे का रुग्ण हे कळत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही लॅबमधली पक्की तपासणी लागते. ती झाली का ते पहिले विचारा. वाहक असली तर ती आजारी नाही, शेतात काम करेल, शिकेल, सगळं करेल. प्रश्न फक्त जोडीदारही वाहक असला तर येतो, तेव्हा प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. तेव्हा पाहुण्यांना सांगायचं ते असं की आमची तपासणी झाली, तुमच्या मुलाची झाली का? यात पोरीनं मान खाली घालायचं काही नाही, आणि हा फक्त आदिवासींचाच आजार आहे असं समजून ज्यांनी तपासलंच नाही त्यांच्याही घरात तो असू शकतो.

पोर्टलवरचं नाव काढायच्या मागे लागू नका असं मी म्हणेन. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे त्यात. ती नोंद असली तर रुग्ण असलेल्या लेकराला हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक अ‍ॅसिड ही औषधं वेळेवर मिळतात का हे बघता येतं. पोर्टल लॉगिननं उघडतं. फुटली ती कागदाची यादी, तीही एका माणसाच्या मोबाईलवरून.

आमच्याकडे लाईट चार-चार तास जाते. मंग फ्रीजमधली लस चांगली राह्यते का? – एक आई, ता. चिमूर

पीएचसीतला लसीचा फ्रीज घरच्यासारखा नसतो, आयएलआर म्हणतात त्याला, आतल्या बर्फामुळे झाकण न उघडता तो लाईट नसतानाही बरेच तास थंड राहतो. लस २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते. ईविन नावाच्या सिस्टीममध्ये फ्रीजला सेन्सर असतो, तापमान बाहेर गेलं की संबंधित माणसाच्या मोबाईलवर मेसेज जातो. पण तुम्हाला मोबाईलशिवायही बघता येतं. बऱ्याच लसींच्या बाटलीवर बारीक गोल असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असला तर ठीक. गोलाइतकाच किंवा जास्त गडद झाला तर ती बाटली वापरायची नाही. सिस्टरला म्हणा "दाखवा जरा", चांगली सिस्टर हसून दाखवते.

आई सत्तरची, बीपी आणि शुगर. दर महिन्याला अकोल्याला नेणं होत नाही. ते मोबाईलवर डॉक्टर दाखवतात ते खरं असते का? – ता. तेल्हारा

खरं असतं. ई-संजीवनी ही सरकारी सेवा आहे, फी नाही. घरून मोबाईलवरही होते, पण आईला घेऊन गावच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात (आता त्याचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर) गेलेलं बरं, तिथले समुदाय आरोग्य अधिकारी पहिले बीपी मोजतात, शुगर बघतात आणि मग डॉक्टरशी व्हिडिओवर जोडतात. नुसत्या चेहऱ्यावरून कोणता डॉक्टर काय सांगेल? जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, पाकिटं विसरले की अर्धा वेळ "ती पांढरी छोटी गोळी" यातच जातो. जायच्या आधी केंद्रात फोन करून नेट चालू आहे का आणि गोळ्या स्टॉकमध्ये आहेत का ते विचारा, नाहीतर चिठ्ठी ऑनलाइन आणि गोळी अकोल्यातच असं होतं. छातीत दुखणं, अर्धं अंग लुळं पडणं, साप चावणं, यासाठी व्हिडिओ नाही. तिथे सरळ १०८.

ग्रुपवर 'आरोग्य कार्ड यादी' म्हणून फाईल आली, काकांनी उघडली, खात्यातून पैसे गेले. – ता. मेहकर

ती एपीके फाईल असणार, म्हणजे यादी नाही, अ‍ॅपच. ते मोबाईलात शिरून ओटीपीचे मेसेज वाचतं. कोणतीही सरकारी यादी अशी येत नाही. आत्ता काकांच्या मोबाईलचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवायची आशा जास्त. मग बँकेत खातं गोठवायला सांगा, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा, आणि मोबाईल रिसेट केल्याशिवाय त्यावर परत फोनपे-गूगलपे टाकू नका. ती फाईल ग्रुपवर अजून पडून असेल तर अ‍ॅडमिनला सांगून पहिले डिलीट करून घ्या, काकांच्या नंबरवरून ती पुढे आणखी कोणाला गेली का तेही बघा, कारण बरेचदा ती आपोआपच सगळ्या कॉन्टॅक्टला जाते.